छातीतला खिळा

"आलं! आलं!" असा ओरडा झाला आणि स्वामीजींच्या मठाच्या सभागृहातली माणसं एकमेकांचे पाय तुडवत पुढे सरकली. ब्राँझच्या पुतळ्याच्या छातीतून लाल ओघळ उतरत होता. पुतळा त्यांच्या दिवंगत गुरूंचा. घडवणारे माझे वडील, अण्णा. ओतकाम झालं आणि त्याच आठवड्यात ते गेले.

"शिल्पकाराने प्राण दिला, म्हणून पुतळ्यात प्राण आला!" स्वामीजी माइकवर गरजले. "हे त्याचंच रक्त! मधुमेह, मूतखडा, कोर्टकचेरी, सगळ्यावर उतारा!"

"आणि टक्कल?" मागून कोणीतरी विचारलं.

"श्रद्धा असेल तर केससुद्धा!"

पहिल्या रांगेत आई बसली होती, हातात त्या लाल पाण्याची वाटी घेऊन. मधुमेहाच्या गोळ्या तिने बंद केल्या होत्या. आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. सावरल्यावर मलाच म्हणाली, "ह्यांचं रक्त पोटात असताना मला काय होणार गं?" म्हणून मी पहिल्यांदा इथे आले होते, अण्णांची पक्कड आणि निळ्या शाईची बाटली पिशवीत घालून.

मी व्यासपीठावर चढले तसा एक सेवेकरी आडवा आला. "ताई, खाली उतरा."

"रक्त माझ्या बापाचं म्हणता ना? मग मला कसं अडवता?"

"जाऊ द्या की तिला!" लोक ओरडले. स्वामीजींना हसावंच लागलं.

ओघळाच्या तोंडाशी पक्कड लावली आणि जोर करून ओढली. बोटभर लांबीचा गंजलेला खिळा बाहेर आला. तो मी वर धरला.

"पुतळा आधी मातीत घडवतात," मी म्हणाले. "त्यावरून साचा, साच्यात मेणाचा थर, मेणाच्या आत प्लास्टर आणि विटांच्या चुऱ्याचा गाभा. मेण वितळून गेल्यावर गाभा हलू नये म्हणून बाहेरून आरपार त्यात लोखंडी खिळे ठोकतात. मेणाच्या जागी ब्राँझ ओततात. मग खिळे उपटायचे, गाभा खरवडून काढायचा, भोकं बुजवायची. हे करायच्या आधीच अण्णा गेले."

पुतळ्याच्या डोक्यावरचा फुलांचा गजरा मी बाजूला केला. खाली असंच एक न बुजवलेलं भोक होतं. रोज सकाळी इथूनच पुतळ्याच्या अभिषेकाचं पाणी आत जायचं, गाभ्यातून झिरपायचं आणि खिळ्याचा गंज घेऊन छातीतून बाहेर पडायचं. मी त्या भोकात निळी शाई ओतली, वरून तांब्याभर पाणी. हळूहळू छातीतून निळं पाणी ठिबकायला लागलं.

"अगं बाई, रक्त निळं पडलं!" एक म्हातारी म्हणाली, आणि हशा पिकला.

"विज्ञानाला सगळं कळत नाही, बेटी," स्वामीजी मऊ आवाजात म्हणाले.

"सगळं नाही कळत. गंज कळतो. आणि तुम्हालाही कळत होता. 'खिळे काढायचे राहिलेत, पुतळा हलवू नका,' असं अण्णांनी अंथरुणावरून तुम्हाला सांगितलं, तेव्हा मी तिथेच होते. त्यांचं अर्धवट राहिलेलं काम तुम्ही चमत्कार म्हणून विकलंत. त्यांच्याच बायकोला गंज पाजलात!"

स्वामीजींनी माइक बंद केला.

आई माझ्याकडे बघत होती. "म्हणजे ह्यात ते नाहीत?"

"नाहीत, आई. ते गेले."

तिने वाटी तिथेच खाली ठेवली. रात्री घरी जेवणाआधी गोळीसाठी हात पुढे केला.

घरातलं माणूस गेलं की आपण कशालाही धरून बसतो, आणि असले लोक नेमके त्याच वेळी दारात येतात. त्यांना विचारा: हे पाणी येतं कुठून? आत काय आहे? उघडून दाखवाल का? रागावले, तर उत्तर मिळालं असं समजा. औषध डॉक्टरांना विचारून घ्या. आणि आपल्या मेलेल्या माणसाच्या नावाने कोणाला दुकान थाटू देऊ नका.