एका फुंकेची सनई

मी एक जुनी सनई आहे. कोलशेतच्या काळुराम पाटलांच्या घरात, देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर मी असते. माझं अंग शिसवाचं, खाली पितळी प्याला आणि वर ताडाच्या पानाची पत्ती. ही पत्ती पाण्याने ओली केली तरच मी बोलते, हे मित्रांनो, आधीच सांगून ठेवते.

गावात कुणाचीही हळद असो, काळुराम मला घेऊन मांडवात हजर. माझ्याशिवाय हळदीला रंग चढत नाही, असं बायका म्हणायच्या आणि मला त्याचा भारी तोरा होता. नात ऋतिका जन्मली तेव्हा मला पुसता पुसता त्यांनी शब्द दिला, की हिच्या हळदीला तूच वाजशील. त्या शब्दावर मी इतकी वर्षं ऐटीत जगले.

मग त्यांचा पुतण्या दिपेश आम्हाला वागळे इस्टेटमधल्या त्याच्या स्टुडिओत घेऊन गेला. काळुरामांनी माझा एकेक सूर सुटा वाजवला आणि दिपेशने तो कॉम्प्युटरमध्ये भरला. जपून ठेवायला, असं म्हणाला. नंतर त्याने कीबोर्डची पट्टी दाबली तर माझाच आवाज! पण बोटं भरभर फिरू लागली तसा पहिला सूर संपायच्या आत दुसरा सुरू व्हायचा आणि नुसता गलका उठायचा. मी मनात म्हटलं, बस बोंबलत.

घात केला तो माझ्याच माणसाने. काळुराम कान देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "अरं बाला, एका फुकीन दोन सूर निंगतान का? पयला मेला पायजे, तवा दुसरा."

दिपेशच्या डोक्यात प्रकाश पडला. एका वेळी किती आवाज वाजू द्यायचे, त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये सोळाचा आकडा होता. त्याने तो एक केला. आता नवा सूर आला की जुना गप्प. कीबोर्ड हुबेहूब माझ्यासारखा गाऊ लागला आणि काळुरामांनी पुतण्याची पाठ थोपटली.

ऋतिकाची हळद दारातच झाली. मी खुंटीवर आणि माझा आवाज मांडवात. हळदीने माखलेली ऋतिका घरात आली आणि खुंटीकडे बघून म्हणाली, "आजोबा, सनई नाही घेतली?"

"तीच वाजते ना भायेर," काळुराम म्हणाले.

ते खोटं नव्हतं, म्हणूनच फार लागलं.

ऋतिका सासरी गेली आणि घर सुनं झालं. तेव्हा काळुरामांनी मला खाली काढलं, ओठांना लावलं आणि फुंकलं. नुसती हवा निघाली. स्टुडिओतून आल्यापासून पत्तीला पाणी लागलं नव्हतं, ती उभी चिरली होती. त्यांनी ती चिरलेली पत्ती काढून घेतली आणि मला पुन्हा खुंटीला लावलं.

मित्रांनो, कुणाचा आवाज जपायचा असेल तर जरूर जपा. पण ज्याचा आवाज घेतलात, त्याच्या घशाला अधूनमधून पाणीही द्या. काळुरामांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. तरी ते बाहेरून आले, की आधी मी त्यांच्या हातांकडे बघते. नवी पत्ती आणली असेल का?