एकाच मॉडेलची माणसं

घड्याळजींची मान खाली गेली होती, पण लाजेनं नव्हे. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांत डोकावल्यावर मानेनं तेवढीच एक दिशा खरी धरली होती. गिऱ्हाइकांना ते चेहऱ्यानं नाही, मनगटानं ओळखत. एकदा सासरेबुवा दुकानात आले तर पट्टा नवा होता म्हणून ओळख पटली नाही. हे बायको अजून ऐकवत असे.

यात आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. पण चौकातल्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ बंद पडलं आणि नगरपालिकेनं ते काम घड्याळजींना दिलं. शाळेत जाता-येता ज्या घड्याळाकडे बघून या धंद्याचं वेड लागलं, तेच घड्याळ. महिनाअखेरपर्यंत ते चालू झालं नाही तर तिथे विजेवरचं बसणार होतं, ज्याला घड्याळजी लागतच नाही. घड्याळजी लगबगीनं मनोऱ्यावर चढले आणि तितक्याच लगबगीनं उतरले. यंत्र डोक्याच्या वर होतं. त्यांना फक्त स्वतःच्या चपला दिसल्या.

पोस्टाच्या मागे योगोपचार करणाऱ्या एक बाई होत्या. माणूस तपासून त्याच्यापुरतेच व्यायाम आखून देतात, अशी त्यांची ख्याती. बायकोनं तिकडे जायचा धोशा लावला. परक्या बाईसमोर सतरंजीवर आडवं व्हायचं आणि वर आपण कसे झोपतो ते सांगायचं, हे काही घड्याळजींच्या गळी उतरेना. मग त्यांनी धंद्यातली अक्कल चालवली. घरात मेहुणा होता. चार दिवसांसाठी म्हणून आलेला आणि आता सोफ्यावर पुरता मुरलेला. वय तेच, उंची तीच, वजन उन्नीस-बीस. एकाच मॉडेलच्या घड्याळांना एकच सुटा भाग चालतो, तसंच हे.

"तू जा," ते म्हणाले. "मान दुखते म्हण. काय देतील ते घेऊन ये."

"पण दाजी, माझी मान तर मस्त आहे."

"म्हणूनच तुला पाठवतोय. उगाच त्रास व्हायला नको."

मेहुण्यानं सरावासाठी घरापासूनच मान खाली घातली आणि विजेच्या खांबाला जाऊन आपटला. बाईंनी मानेचं एकदाच विचारलं. पुढे उठता कधी, जेवल्यावर काय करता, चालणं होतं का, असले भलतेच प्रश्न. मानेचं खोटं पाठ होतं, बाकीचं कुणी पढवलंच नव्हतं. बिचाऱ्यानं सगळं खरं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि आखून दिलं: पहाटे उठायचं, उभ्यानं वाकायचं, हात जोरात वर फेकायचे, दम लागेस्तोवर.

घड्याळजींनी ते इमानेइतबारे केलं. मेहुणा सोफ्यावरून देखरेख करी. "हात अजून वर, दाजी. आळस चालणार नाही म्हणाल्यात बाई." आठवडा सरायच्या आत मान खाली होती ती डावीकडेही वळून बसली. आता चपलाही एकच दिसू लागली.

बायकोनं दुकानाला कुलूप लावलं आणि नवऱ्याला हाताला धरून बाईंकडे नेलं. तिथे सगळं बिंग फुटलं. बाई हसल्या नाहीत, याचं श्रेय त्यांच्या रोजच्या श्वासाच्या सरावाला द्यायला हवं.

"पण मॉडेल एकच होतं हो," घड्याळजी जमिनीला म्हणाले.

"एकाच दिवशी घेतलेली दोन घड्याळं," बाई म्हणाल्या, "एक रात्रंदिवस राबतंय, दुसरं कपाटात पडून. दुरुस्ती एकच करता?"

"छे. कपाटातलं आधी हलवून जागं करावं लागतं."

"तुमच्या मेहुण्यांना तेच दिलं होतं."

सतरंजी काही आलीच नाही. दुसऱ्या दिवशी बाई आपलं बंद घड्याळ घेऊन दुकानात येऊन बसल्या. घड्याळजींनी भिंग लावलं, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरली.

"श्वास घ्यायचा राहिला," बाई म्हणाल्या.

"स्प्रिंग उडते."

"मग ती ठेवा आणि घ्या."

घड्याळजींनी घेतला. कामाच्या वेळात श्वास घ्यायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

उपचार ठरला तो असा. काम ठेवायला टेबलावर एक लाकडी खोकं, म्हणजे काम डोळ्यांकडे येईल, डोळ्यांना कामाकडे जायला नको. प्रत्येक स्प्रिंगनंतर एक लांब उच्छ्वास. आणि दार वाजलं की भिंग काढून, मान झेपेल तेवढी हळूहळू उचलून, आलेल्याचा चेहरा ओळखायचा. गिऱ्हाइकं चपापली. घड्याळजी टक लावून बघतात आणि मोठा सुस्कारा सोडतात, म्हटल्यावर दोघातिघांनी न विचारताच घड्याळ पाण्यात पडल्याचं कबूल केलं. बायको डबा घेऊन आली, तर तिच्याकडेही बराच वेळ बघत राहिले.

"चष्मा कधी लागला तुला?"

"धाकटी शाळेत होती तेव्हा," ती म्हणाली. धाकटीच्या लग्नालाही आता बरीच वर्षं झाली होती. पण त्या दिवसापासून डबा द्यायला ती केस नीट विंचरून येऊ लागली.

महिनाअखेरीस घड्याळजी पुन्हा मनोऱ्यावर चढले. खाली बायको आणि बाई उभ्या होत्या. घड्याळजी भिंतीला पाठ टेकून थांबले, लांब श्वास सोडला आणि मान उचलली. पुरती नाही, पण पुरेल एवढी. दातेरी चाकात कबुतराचं जुनं घरटं अडकलं होतं. एवढ्यासाठी महिनाभर सगळं गाव खोळंबलं होतं. काड्या उपसल्या, तेल घातलं, आणि चौकात ठोके घुमले. झरोक्यातून घड्याळजींनी खाली पाहिलं. ती दिशा तर त्यांच्या सवयीचीच होती.

आता पहाटेचे ठोके थेट सोफ्यापर्यंत पोचतात. सोफ्याशी बायको उभी असते आणि तिचा भाऊ वाकून-उठून घामाघूम होत असतो. घड्याळजी खुर्चीत ताठ बसून देखरेख करतात.

"दाजी, मान धरलीय माझी," एकदा त्यानं करुण आवाजात सांगून बघितलं.

"मान माझी होती," घड्याळजी म्हणाले. "तुझं वेगळं आहे. हात अजून वर."