तीन नंबरचं कुंकू

तीन नंबरचं सिलिंडर काही केल्या ऐकेना. बाकी तिघांतून बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान जवळजवळ सारखं, आणि हे तीन नंबर त्यांच्यापेक्षा दीडशे अंशांनी थंड! तेही फक्त इंजिन मंद चालवलं की. पूर्ण ताकद दिली की चौघंही गुमान एका रांगेत.

उजळाईवाडीच्या विमानतळावर, विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेच्या हँगरमध्ये इंजिनिअर संयोगिता सकाळपासून या एकाच दुखण्याच्या मागे लागली होती. उद्या याच विमानातून शिकाऊ तेजस्वी पहिल्यांदा एकटी उडणार होती. गगनबावड्याची पोर, दोनदा पावसानं आणि एकदा तापानं तिचा हा दिवस हुकला होता. विमान उडण्याजोगं आहे, ही सही संयोगितानं करायची होती.

तिचे वरिष्ठ गणपतराव म्हणाले, तापमानाचा सेन्सर गेला असेल, बदल आणि मोकळी हो. पूर्ण ताकदीला आकडे बरोबर, म्हणजे इंजिन ठणठणीत. बत्तीस वर्षं या कामात घालवलेला माणूस. त्यांच्यापुढं तोंड उघडायची कुणाची छाती होत नसे. संयोगिताची झाली.

"साहेब, उतरताना पोरगी ताकद कमीच करणार की. तवा बंद पडलं तर?"

गणपतरावांनी खुर्ची ओढली आणि ते बघत बसले.

तिनं एक आणि तीन नंबरच्या सेन्सरची अदलाबदल केली. इंजिन चालवलं, तरी थंड ते तीन नंबरच. म्हणजे सेन्सर बिचारा खरं सांगत होता. तीनचा प्लग काढला तर काजळीनं काळाकुट्ट; इंधन जास्त जातंय, हे उघडच झालं. मग तिनं इंधनाचं नोजल काढलं आणि भिंगाखाली धरलं. त्याच्या अंगाला हवा आत घ्यायचं बारीकसं भोक असतं. ते बुजलं होतं, म्हणून मंद चालीला हवेच्या जागी इंधनच जास्त ओढलं जात होतं. आत लाल काहीतरी वाळून घट्ट बसलं होतं.

तिनं नखानं खरवडलं. कुंकू! चार दिवसांपूर्वी खंडेनवमीला झाकण उघडून इंजिनाची पूजा तिनंच केली होती. मोठ्या हौसेनं ओल्या कुंकवाचं एकच बोट लावलं होतं, समोर दिसलं तिथं. तिथं भोक आहे हे तिला का ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. स्वतःचीच तिला लाज वाटली.

नोजल साफ करून बसवल्यावर मंद चालीलाही चारही आकडे जुळले. गणपतराव हळूच म्हणाले, नोंदवहीत नुसता 'कचरा' लिही, कोण विचारतंय. मोह झाला नाही असं नाही. तिचं लायसन्स जेमतेम दीड वर्षाचं. पण पुढच्या खंडेनवमीला दुसरं कुणी असंच बोट लावणार. तिनं लिहिलं, 'पूजेचं कुंकू, माझ्या हातचं', आणि खाली सही केली. मग शेजारच्या विमानाचंही झाकण उघडलं, कारण पूजा त्याचीही तिनंच केली होती.

दुसऱ्या दिवशी तेजस्वीची आई झुंबरबाई करंडा घेऊनच आली आणि कुंकवाचं बोट घेऊन विमानाकडं निघाली. संयोगितानं तिचा हात वाटेतच धरला.

"विमानाला नको, मावशी. मी लावलेल्या कुंकवानंच इंजिन बिघडलं हुतं."

"आता बरं हाय न्हवं?"

"व्हय. मी सही केलीया."

झुंबरबाईनं ते कुंकू लेकीच्या कपाळाला लावलं, आणि उरलेलं संयोगिताच्या.

तेजस्वी एक फेरी मारून परत वळली. धावपट्टीवर येताना इंजिनाचा आवाज बारीक झाला, पण तुटला नाही. चाकं टेकली तेव्हा कुठं संयोगितानं कपाळाचा घाम पुसला. बोटं लाल झाली.