धुनीवरचं तेल आणि बाळंतिणीची शेगडी

त्या शनिवारी चाकणच्या बाजारात कांद्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. सगळा बाजार शनीच्या पारापाशी लोटला होता. तिथं एक मोटार बरी होणार होती.

मोटार ज्योतीरामची, नुकतीच घेतलेली. पुण्याच्या कुणा मयत कंत्राटदाराची जुनी विलायती गाडी. ठोकायची अशी, की मोशीत सुरू केली तर आळंदीच्या कोंबड्या अंडं द्यायचं विसरत. धूर असा, की मागून येणाऱ्या सायकलवाल्याचं पांढरं धोतर पुढच्या गावी काळं निघे.

पण ज्योतीरामनं ती मिरवायला घेतली नव्हती. त्याची दोन लेकरं पुण्याच्या वाटेवर, बैलगाडीत, आईच्या पोटातच गेली होती. आता बायकोचे, शालनचे, दिवस पुन्हा भरत आले होते. सरकारी दवाखान्यातल्या दुर्गाबाई नर्सनं पोट चाचपून सांगितलं होतं, "मूल आडवं आहे. कळ आली की थेट पुण्याचं इस्पितळ. घरी थांबायचं नाही."

म्हणून मोटार. आणि तिची ठकठक ऐकली की ज्योतीरामच्या छातीत तीच ठकठक सुरू व्हायची.

पिंपरीचा मालोजी मिस्त्री म्हणाला होता, "आतली झीज हाय, भावा. ठोकंल, धूर बी काढंल, पन नेऊन पोचवंल. थंडीत पातळ तेल लागतं हिला. ह्यो डबा घे, ह्येच घाल." ज्योतीरामनं डबा घेतला. पण 'ठोकंल' हा शब्द त्याच्या मनात काट्यासारखा रुतून बसला.

शनीच्या पारावर धुनी पेटवून बसणाऱ्या तेलनाथबाबांनी तो काटा अचूक हेरला. मोटारीच्या नाकाडावर हात ठेवून ते गरजले, "जुनी गाडी, जुन्या मालकाची साडेसाती! आत ठकठकतोय तो कंत्राटदार. दार उघडा म्हणतोय!"

बायकांनी पदर तोंडात कोंबले. चेल्यानं इंजिनातलं जुनं तेल खड्ड्यात सोडलं. बाबा म्हणाले, हे पाप. मग शनीच्या अंगावरून ओघळलेलं म्हणून जे तेल धुनीवर तापत होतं, त्याची कळशी ओतली. गुग्गुळाचा घमघमाट सुटला. मोटार सुरू झाली आणि काय सांगावं! ठकठक नाही, धूर नाही. लोण्यातून सुरी फिरावी तशी गुरगुरत राहिली.

"गेला कंत्राटदार!" ज्योतीरामचे वडील अर्जुनराव ओरडले. पारावर नारळांचा खच पडला.

"आता पुढच्या शनवारपातुर झाकण उघडायचं न्हाई," बाबांनी बजावलं. "दुसरं तेल घातलंस तर कोप व्हईल. घरात गर्भार हाय ना? सांभाळ!"

ज्योतीरामनं मालोजीचा डबा गोठ्यात, कडब्यामागं सारला.

कळ आली ती त्याच आठवड्यात, पौषातल्या पहाटे. थंडी अशी, की कुत्र्याचं भुंकणंही तोंडातच गोठावं. शालनला मागच्या सीटवर निजवलं, दुर्गाबाई आल्या. ज्योतीरामनं हँडल घातलं. ते हलेना. सगळं अंग टाकलं, तळहात सोलले. इंजिन जणू चिखलात रुतलेलं.

आतून शालन कण्हली, "अवो, निघा की."

"बाबांस्नी बोलावतो," अर्जुनराव म्हणाले.

"बाबा येऊन बाळंतपण करणार आहेत का?" दुर्गाबाई खाली उतरल्या. "ज्योतीराम, झाकण उघड."

"बाई, कोप व्हईल. शालनवर जाईल त्यो."

"ज्योत्या, हात लावू नगंस!" अर्जुनराव आडवे आले.

ज्योतीराम दोघांच्या मधे उभा. डोळ्यांपुढं जुनी बैलगाडी, तिच्यातलं गुंडाळलेलं फडकं. शालन पुन्हा कण्हली, या खेपेला शब्दाविना. त्यानं बापाला बाजूला केलं आणि झाकण उघडलं.

तेल मोजायची पट्टी दुर्गाबाईंनी ओढून कंदिलापुढं धरली. तेल काकवीसारखं लोंबत राहिलं, थेंब काही सुटेना.

"माझं एरंडेल अस्संच वागतं," त्या म्हणाल्या. "थंडीत चमचा उलटा केला तरी पडत नाही. निखाऱ्यावर धरला की पाणी. तुझ्या बाबाची धुनी कशाला पेटलेली असते, कळलं? शेगडी कुठाय?"

बाळंतिणीच्या शेकासाठी शेगडी भरून ठेवलेलीच होती. ज्वाळ विझवून नुसते निखारे ज्योतीरामनं इंजिनाखाली सरकवले. बाळंतिणीआधी शेक घेतलेली मोटार उभ्या हवेली-खेड तालुक्यात तीच! तेल सैल झालं. शेगडी लांब नेऊन त्यानं इंजिनाखालचं बूच काढलं. काळी धार घमेल्यात उतरली. गुग्गुळाखालून खरा वास आला, जळक्या गंधकासारखा. मग कडब्यामागचा डबा आला.

हँडल फिरलं. आणि ठक! ठक! ठक! धुराचा लोट उठला.

"आला कंत्राटदार!" अर्जुनराव मटकन खाली बसले.

शालन घामानं निथळत म्हणाली, "बोलली बया एकदाची. चला."

मोशी, भोसरी, दापोडीचा पूल. सारा रस्ता मोटार ठोकत राहिली. ठोका ऐकू आला की ज्योतीराम श्वास घेई. इस्पितळात पोट चिरून मुलगी काढली. आधी ती गप्प होती. मग रडली, मोटारीला लाजवील अशी.

शनिवारी ज्योतीराम ते घमेलं घेऊन पारावर गेला. बरोबर मालोजी आणि दुर्गाबाई. एक वाटी गार पाण्यात ठेवली, दुसरी बाबांच्याच धुनीवर. गारातलं तेल वाटी उपडी केली तरी चिकटून राहिलं. तापलेलं घळाघळा वाहिलं.

मालोजीनं हुंगून सांगितलं, "गिअरबॉक्सचं वंगण हाय हे, वर गुग्गुळ. जाड तेल झिजल्या फटीत बसतं, आवाज दबतो, धूर बी. पन थंडीत हे वर चढतच न्हाई. इंजिन सुकं फिरतं नि जळून जातं."

"शनीचं तेल थंडीत रागावतं!" बाबा ओरडले.

"मग तुमच्या मोटारीत कोणतं आहे?" दुर्गाबाईंनी विचारलं.

पाराच्या मागं बाबांची गाडी उभी होती. मालोजीनं पट्टी ओढली. स्वच्छ, पातळ, दुकानातलं तेल टपकन बाबांच्याच पायावर पडलं. पुढं बाबा गर्दीतून असे निसटले, की शनीलाही पत्ता लागला नाही.

तेव्हा बाबांनो आणि बायांनो, ठोकणारं यंत्र असो की दुखणारं पोट, ते काही सांगत असतं. त्याचं तोंड दाबणाऱ्याला नारळ फोडू नका. झाकण उघडा, विचारा, तपासा. आणि जो उघडू नको म्हणेल, त्याचं झाकण आधी उघडा.

शालन इस्पितळातून घरी आली त्या रात्री पोरगी रडायची थांबेना. अर्जुनराव म्हणाले, "अंगारा लावू का रं?"

"नको, आबा," ज्योतीराम म्हणाला. "भूक लागली आसंल. काय म्हणती, ते आधी ऐकू."