न दिसणारा खांब

भावोजींना एकदा फोन आला की गडी जागचा हलत नाही. पोट पुढे, मान ताठ आणि तोंडाचा पट्टा सुरू. शाळेचं सभागृह किती भक्कम आहे हे तपासायला, त्याची मोजणी करायला गेले तेव्हाही महाशय गॅलरीच्या बरोब्बर खाली असेच ठाण मांडून उभे होते. मधोमध ठेवलेलं यंत्र गरागरा फिरत चहूकडे लेसर फेकत होतं आणि धाकटी हात जोडून खुणावत होती, "भावोजी, बाजूला व्हा!" पण ऐकतील तर ते भावोजी कसले! कंपनी त्यांची, यंत्र त्यांचं. धाकटी काय, बायकोची बहीण, ताईच्या शब्दाखातर नोकरीला ठेवलेली.

अशा मोजणीतून हाती येतात ते कोट्यवधी ठिपके. भिंत, छत, खुर्ची, सगळे नुसते ठिपके. त्यातला कुठला कशाचा, हे कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम ठरवतो आणि त्यावरून कुठला भाग किती भार पेलेल, याचा हिशेब करतो. त्या प्रोग्रॅमचे नियम भावोजींनी स्वतः भरले होते. उभं, गोलसर, जमिनीला टेकलेलं असलं की तो खांब. वरचा भाग दिसला नाही तर प्रोग्रॅमने आपल्या मनानेच भरून घ्यायचा. बाहेर डोकावणारे तुरळक ठिपके म्हणजे कचरा, तो झाडून टाकायचा. "माणसाचा हात लागत नाही," हे भावोजींचं पालुपद. डोकंही लागत नाही, असं धाकटी मनातल्या मनात जोडायची.

निकाल आला, गॅलरी भक्कम. धाकटीने चित्र फिरवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. गॅलरीचा निम्मा भार पेलत एक जाडजूड खांब उभा होता, आणि त्या खांबाला चक्क पोट होतं! कोपर, मूठ आणि कानाचा फोन तेवढा कचरा म्हणून गेला होता. तिने खांब काढून हिशेब पुन्हा चालवला, तर गॅलरी लालभडक झाली, म्हणजे भार पेलणार नाही. शाळेच्या कार्यक्रमात त्याच गॅलरीत गाणाऱ्या मुली उभ्या राहणार होत्या, आणि त्यांत तिची भाची होती. भावोजींचीच लेक.

ती तशीच त्यांच्या खोलीत घुसली आणि सगळं सांगितलं.

"अगं, रिपोर्ट छापून झालाय," भावोजी म्हणाले. "मुख्याध्यापिका बाई येतच असतील. आता खोट काढली तर माझी अब्रू जाईल. कार्यक्रम होऊ दे, मग बघू."

"अहो, वर तुमची पोरगी असणार आहे!"

"एवढ्यात काही पडत नाही. तू ना, उगाच राईचा पर्वत करतेस."

अख्खा कॉम्प्युटर उचलून यांच्या डोक्यात घालावा, असं धाकटीला वाटलं.

तेवढ्यात बाई आल्याच. चष्मा सावरत त्यांनी पडद्यावरचं चित्र न्याहाळलं. "हा कुठला खांब? आमच्या सभागृहात तर खांबच नाही."

आता तरी माणसाने खरं बोलावं की नाही? पण छे! "आतला असतो तो, बाई," भावोजी बेधडक म्हणाले. "तांत्रिक गोष्ट आहे. साध्या डोळ्यांना दिसायचा नाही."

धाकटीचं डोकं सणकलं. गेली नोकरी खड्ड्यात!

"दिसतो की," ती म्हणाली. "तुमच्यासमोरच बसलाय."

आणि तिने झाडून टाकलेले ठिपके परत आणले. कोपर आलं, मूठ आली, कानाला फोन आला. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग भावोजींकडे, मग त्यांच्या पोटाकडे.

"म्हणजे हे खाली उभे राहिले तरच आमची गॅलरी टिकणार?"

"तरीही नाही, बाई. यांच्यावर आजवर कशाचाच भार टिकलेला नाही."

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी तिथूनच शाळेत फोन लावला आणि गॅलरीला कुलूप घालायला सांगितलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला, तोच कडाडत. "लाज नाही वाटत? परक्या बाईसमोर माझ्या नवऱ्याला खांब म्हणालीस?"

"ताई, त्या गॅलरीत तुझी लेक उभी राहणार होती. मी भावोजींना आधीच सांगितलं होतं. कार्यक्रम होऊ दे, मग बघू, म्हणाले."

पलीकडून ताईची हाक ऐकू आली, पण ती धाकटीला नव्हती.

"अहो, जरा इकडे या."

इतक्या थंड आवाजातलं 'अहो' धाकटीने जन्मात ऐकलं नव्हतं.