ताटलीतला गजर

मित्रांनो, मी एक जुनं, चावीवर चालणारं गजराचं घड्याळ आहे. डोक्यावर दोन वाट्या आणि त्यांच्यामध्ये एक चिमुकली हातोडी. चित्रांत मला हसरा चेहरा काढतात. काढणाऱ्यांना काय जातंय? गोड झोपेतून उठवणाऱ्याकडे कोणी हसून बघत नाही. शिव्या खाऊनच माझा रंग उडाला.

कारखान्यात एका बाईंनी माझी हातोडी बसवली, वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, "खणखणीत आहे." त्या शब्दाचा मला फार अभिमान होता. पुढे त्याच शब्दाची मला धास्ती बसली.

मला पहिल्यांदा विकत घेतलं एका कॉलेजातल्या मुलानं. पहाटे अभ्यासाला उठायचं म्हणून तो मला उशाशी ठेवी. एका पहाटे मी वाजलो. तो दचकून उठून बसला आणि तसाच मागे कोसळला. चावी संपेपर्यंत मी वाजत राहिलो. त्याच्या आईनं येऊन त्याचे डोळे मिटले आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, "झोपेतच गेला. काही कळलंसुद्धा नाही त्याला." ऐकणाऱ्यांना तेवढाच दिलासा मिळाला. माझ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काढणार तरी कशाला? घड्याळ तर रोजच वाजतं. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच्या धाकट्या बहिणीनं भावाची आठवण म्हणून मला जपलं. लग्न होऊन नव्या घरी आली तेव्हा कपड्यांच्या घडीत गुंडाळून मला सोबत आणलं. या गोष्टीतली आई ती हीच.

तिला दोन मुली झाल्या. थोरली मोठी होऊन पावाच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जाऊ लागली. ती अशी ढाराढूर झोपायची की आईनं हात टेकले. शेवटी तिनं मला स्टीलच्या ताटलीत उभं केलं. ताटलीत माझा आवाज दुप्पट व्हायचा. बाबा म्हणायचे, "या घरात सगळ्यांवर ओरडायची परवानगी एकट्या यालाच आहे." मला ते कौतुक वाटायचं.

दोघी बहिणी एकाच पलंगावर झोपत. मी वाजलो की दोघींना अंधारी येई. थोरली पलंगाची कड धरून म्हणे, "गेले बाई मी." धाकटी पांघरुणातून म्हणे, "जाताना पांघरूण ठेवून जा." मग दोघी खिदळत. आई स्वयंपाकघरातून ओरडे, "अशक्तपणा आहे तो. दूध पीत जा म्हणून कानीकपाळी ओरडते मी." हे इतकं रोजचं झालं होतं की त्यात भिण्यासारखं काही असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

आणि एका पहाटे थोरली खरंच गेली. मी वाजलो, ती ताडकन उठून बसली, धाकटीकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आडवी झाली. धाकटीनं हाक मारली, मग गदागदा हलवलं. आई धावत आली. तिनं लेकीचे डोळे मिटले आणि धाकटीचा दंड धरून हळूच म्हणाली, "बाबांना सांगायचं, झोपेतच गेली. ऐकलंस?"

तेच वाक्य. मित्रांनो, माझ्या सगळ्या चक्रांना कापरं भरलं. दोन वेळा मीच वाजलो होतो, दोन वेळा माणूस उठून बसून गेलं होतं, आणि दोन्ही वेळा घरानं 'झोपेत' म्हणून त्यावर पांघरूण घातलं होतं. आता त्या पलंगावर एकटी धाकटी उरली होती, आणि ती त्याच आईच्या पोटची होती.

धडधाकट मुलगी अचानक गेली म्हणून शवविच्छेदन झालं. हृदय, मेंदू, रक्त, सगळं तपासलं. काहीच सापडलं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असत. आई त्यांच्याजवळ बसून म्हणे, "झोपेत गेली हो, त्रास नाही झाला पोरीला," तेव्हा कुठे ते दोन घास खात.

मग घर चालू ठेवायचं म्हणून घर चालू लागलं. धाकटीचं सकाळचं कॉलेज होतं. आईनं मला चावी दिली आणि पुन्हा ताटलीत ठेवलं.

तुम्हाला काय सांगू माझी अवस्था. ज्याला ओरडायलाच घडवलं त्यानं गप्प कसं राहायचं? पहाट जवळ आली की मी मनातल्या मनात म्हणायचो, गंज लागो, स्प्रिंग तुटो, काहीतरी होवो. पण मी खणखणीत होतो. ठरलेली वेळ झाली की हातोडी सुटायची. पोर दचकायची, छातीवर हात दाबून डोळे मिटायची, आणि तिनं पुन्हा डोळे उघडेपर्यंत माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. आज वाचली. पण उद्या?

धाकटीनं एकदा मला कपाटात स्वेटरांखाली दडपलं. माझा आवाज तिथेच दबला. एवढी शांत सकाळ त्या खोलीनं कधी पाहिली नव्हती. पण तिचं कॉलेज बुडालं. आईनं मला बाहेर काढून परत ताटलीत ठेवलं. नंतर वयानं म्हणा किंवा माझ्या प्रार्थनेनं, माझा आवाज जरा बसला. मी खूश झालो, तर बाबा मला घड्याळजीकडे घेऊन गेले. त्यानं तेलपाणी केलं, हातोडी घट्ट केली आणि म्हणाला, "न्या. आता मेलेलं माणूससुद्धा उठेल." बाबा पैसे देऊन बाहेर पडले. त्यांच्या पिशवीत मी रडलो असतो, पण मला तेही येत नाही.

अशात एका दुपारी, कारण सापडेना म्हणून, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या. बाबा कामावर होते. बाईंनी पलंग पाहिला, खिडकी पाहिली. विचारलं, "त्या वेळी ती काय करत होती?"

"झोपली होती," आई म्हणाली. "झोपेतच गेली."

"घरात याआधी कोणी तरुण माणूस असं अचानक गेलंय?"

"माझा भाऊ. तोही झोपेतच."

बाईंनी मान हलवली. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो आणि टिकटिक करण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. त्यांनी पर्स खांद्याला लावली. संपलं, मला वाटलं. आता उद्या पहाटे मी पुन्हा वाजणार.

तेवढ्यात दारातून धाकटीनं विचारलं, "डॉक्टर, झोपेत गेलेल्या माणसाचे डोळे मिटलेले असतात ना?"

"तू गप बस," आई म्हणाली.

बाईंनी पर्स खाली ठेवली. "बोलू द्या तिला."

"ताई उठून बसली होती. गजरानं दचकली. माझ्याकडे बघितलं तिनं. मला वाटलं, नेहमीसारखी गंमत करतेय. मी हसले." धाकटी दारातून आत आली. "मलाही तसंच होतं गजराला. छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे काळोख येतो."

आई खाली बसली. "ह्यांना काय सांगायचं होतं मी? झोपेत गेली म्हटल्यावर जेवले ते. माझ्या भावाच्या वेळी आईनं असंच सांगितलं होतं. तोही असाच उठून बसला होता, मी दारातून बघितलं होतं."

डॉक्टरबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "हृदय दिसायला निरोगी असतं, पण त्याला चालवणारी वीज बिघडलेली असू शकते. आई-वडिलांकडून मुलांकडे येतो असा दोष. अचानक मोठा आवाज झाला की ठोके विस्कटतात. माणूस गेल्यावर ती वीज मला दिसत नाही हो. ते जिवंत माणसांनीच सांगावं लागतं." मग उठून त्यांनी ताटलीतून मला उचललं आणि गजराची कळ दाबून टाकली. "हिला आजच घेऊन चला. तुम्हीही चला."

मायलेकी दोघींच्या ईसीजीत तो दोष निघाला. गोळ्या सुरू झाल्या. धोका टळला असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. कमी झाला, म्हणाल्या.

संध्याकाळी आईनं बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या घासांसाठी तू हे पोटात ठेवलंस?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांनी पक्कड आणली, माझी हातोडी उपटली आणि ताटली घासून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. मला काही दुखलं नाही.

मित्रांनो, मी आता मुका आहे, म्हणून माझं थोडं ऐका. तुमच्या घरात कोणी दचकून बेशुद्ध पडत असेल, तर त्याला अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका, हृदय तपासून घ्या. आणि कोणी अवेळी गेलं, तर शेवटी काय झालं ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, कितीही जड गेलं तरी. मेलेल्यासाठी नाही, शेजारच्या पांघरुणात झोपलेल्यासाठी.

आता बाबा पहाटे आपले आपण उठतात. धाकटीच्या केसांवर हात ठेवून हळूच म्हणतात, "ऊठ बाळा." मग आईला उठवतात. ती डोळे उघडेपर्यंत ते श्वास रोखून उभे असतात. हातोडी होती तेव्हा माझ्याच गोंगाटात असं हलकं काही मला ऐकू यायचं नाही. आता त्यांचा तो सुटलेला श्वास रोज ऐकू येतो.