कौस्तुभची निळी डबी

आमच्या ऑफिसच्या बँडमध्ये कौस्तुभ बेस गिटार वाजवायचा, म्हणजे बेस गळ्यात अडकवून उभा राहायचा. २००७ साली त्याने अमेरिकेहून परतणाऱ्या मॅनेजरच्या बॅगेतून एक अ‍ॅनालॉग पेडल मागवलं. निळी डबी, वर लाल दिवा. पायाने दाबली की बेसचा सूर लहरायला लागतो. त्या दिवसापासून स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते.

उरवडे गावात कुशाबांची माडीवरची खोली आम्ही सरावासाठी भाड्याने घेतली होती. मुळशीच्या रिसॉर्टवर कंपनीचा वार्षिक कार्यक्रम होता आणि दोन वर्षं मागे उभं राहून साथ दिल्यावर यंदा मला एकटीने गायचं होतं.

पेडल आलं आणि मी बेसूर झाले. असं कौस्तुभ म्हणाला. गिटारवाल्या मनीषने लगेच मान डोलावली. माझ्या जागी साथीला गाणाऱ्या जुईलीला घ्यायचं घाटत होतं. मी ज्येष्ठमध चघळलं, ताक सोडलं, शेवटी आंघोळ करताना गुणगुणणंही सोडलं. इतकी मूर्ख मी.

एका रविवारी कुशाबा पेटी घेऊन वर आले. गावच्या भजनात चाळीस वर्षं पेटी वाजवलेला माणूस.

"ताईंच्या गळ्यात खोट न्हाई. त्या डबीत सूर डुलतोय," ते म्हणाले. "आमी भजनाला बसताना आदी पेटीवर सूर मिळवतो. तुमी कदी मिळवला?"

त्यांनी एक पट्टी दाबून धरली. मी गायले, सूर मिळाला. मग कौस्तुभला तोच सूर वाजवायला लावला. त्याचा सूर पेटीच्या वर-खाली झोके घेत होता. डबी बंद केल्यावर गपगुमान जागेवर आला.

मनीषने वाकून पाहिलं. डबीचं बटण कोरसकडे असलं तर मूळ सूर कायम राहतो; व्हायब्रेटोकडे असलं तर डुलणारा तेवढा उरतो. ते तीन आठवडे व्हायब्रेटोकडेच होतं. दिवसभर लोकांसाठी मॅन्युअल लिहिणाऱ्या कौस्तुभने स्वतःचं उघडलंही नव्हतं.

"ते फीचर आहे," तो म्हणाला.

माझी माफी कुणी मागितली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवर जाण्याआधी मी त्याची वायर डबीतून काढून सरळ अ‍ॅम्पला लावली आणि डबी माझ्या पिशवीत टाकली. तो हात चोळत बघत राहिला. मग मी मनसोक्त गायले.

खाली उतरल्यावर डायरेक्टर थेट कौस्तुभकडे गेले. "बेस काय सुंदर होता हो! नवीन पेडल ना?"

"अ‍ॅनालॉग आहे, सर," कौस्तुभ म्हणाला.

मी पिशवीतून डबी काढली आणि दोघांच्या मधे धरली.